सारकेगुडाला न्याय केव्हा?

रायपूर : मे २०२० मध्ये मिनिआपोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड या काळ्या नागरिकाचा पोलिसाने बळी घेतला. लक्षावधी जनता रस्त्यावर उतरली. २०२१ साली त्या पोलिसास शिक्षा झाली. आपल्या बड्या वृत्तपत्रांनी हे सविस्तर छापले, ते योग्यच. परंतु बस्तरमधील सारकेगुडा त्यांच्या किती वाचकांस ठाऊक आहे?

२८ जून २०१२ च्या रात्री तेथे बैठकीस जमलेल्या आदिवासींवर सुरक्षा दलांनी गोळीबार केला. १७ जण ठार झाले. त्यांत अल्पवयीन मुलेही होती. दिल्लीतील काँग्रेस व रायपुरातील भाजप, दोन्ही सरकारांनी मृतांस माओवादी ठरविले. न्या. व्ही. के. अगरवाल आयोगास मात्र तसा पुरावा आढळला नाही. हा अहवाल रायपूरच्या विधानसभेत सादर होण्यास डिसेंबर २०१९ उजाडला.

अहवाल म्हणजे न्याय नव्हे. तेथे चित्रफीत होती, येथे न्यायाधीशाचा निष्कर्ष आहे. उणीव आहे ती देशभर रस्त्यावर उतरणाऱ्या जनतेची. १९७२ साली दलित पँथरने अमेरिकेतील काळ्या जनतेच्या लढ्याशी नाते जोडले. तेच नाते महाराष्ट्रातील कामगार-शेतकऱ्यांनी बस्तरशी जोडावे. दोषींवर खटले भरा, ही मागणी साऱ्या कष्टकरी जनतेची झाली पाहिजे!