विश्लेषण : कोकम आगळ विकायचे आहे? नोंदणी बाटलीची नाही, बनवणाऱ्याची!

मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूर सोडले की कशेडी घाट लागतो. घाटात इंजिन तापायचे, एखाद्याला मळमळायचे, गाडी थांबायची. त्या थांब्यावर चहा-भज्यांसोबत आमसुले, पापड, आगळाची बाटलीही खपायची. सप्टेंबर २०२३ मध्ये, गणेशोत्सवाच्या तोंडावर, कशेडीच्या जुळ्या बोगद्यांपैकी एक हलक्या वाहनांसाठी खुला झाला आणि पाऊण तासाचा घाट दहा-पंधरा मिनिटांवर आला. चाकरमानी सुखावले. पण बोगद्यात कुणी आगळ घ्यायला थांबत नाही.

आता माल गिऱ्हाइकाच्या दारी न्यावा लागणार. मुंबईतले दुकान, महालक्ष्मी सरससारखे प्रदर्शन किंवा थेट ठाणे-डोंबिवलीला कुरिअर. तिथे चवीआधी विचारणा होते ती एफएसएसएआय क्रमांकाची. अनेक बचतगट इथेच थबकतात. ‘आमच्या आगळाला कोण परवानगी देणार’, हा त्यामागचा गैरसमज.

आगळाला परवानगी लागतच नाही. नोंदणी होते ती ते बनवणाऱ्याची आणि त्याच्या जागेची.

गोंधळ कुठून आला?

हा गोंधळ अगदीच निराधार नाही. मे २०१३ मध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने एक सूचनापत्र काढून नव्या धाटणीच्या खाद्यपदार्थांना विक्रीपूर्व मंजुरी सक्तीची केली. उत्पादक मुंबई उच्च न्यायालयात गेले. सूचनापत्र म्हणजे कायदा नव्हे, असे म्हणत न्यायालयाने ३० जून २०१४ रोजी ते रद्द केले आणि १९ ऑगस्ट २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. पुढे २०१७ मध्ये रीतसर नियम आले. आज विक्रीपूर्व मंजुरी लागते ती ज्यांचे मानक ठरलेले नाही अशा पदार्थांना किंवा घटकांना. लोणचे, पापड, सरबत त्यात मोडत नाहीत.

मग कायदा काय मागतो? अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ चे कलम ३१ सांगते की परवान्याशिवाय खाद्यव्यवसाय करता येणार नाही. त्याच कलमात फेरीवाले, टपरीवाले, घरगुती आणि कुटीर उत्पादक यांना परवान्यातून सूट आहे; त्यांनी फक्त नोंदणी करायची. म्हणजे घाटातल्या टपरीलाही ती लागू होतीच, विचारणारे कुणी नव्हते इतकेच. २०११ च्या नियमावलीत यासाठी वार्षिक उलाढाल १२ लाखांपर्यंत आणि शुल्क वर्षाला १०० रुपये ठरले. (अर्जाआधी सध्याची मर्यादा आणि शुल्क ‘फॉसकॉस’ या सरकारी पोर्टलवर पाहून घ्यावे.) फोटो, ओळखपत्र आणि पत्ता एवढ्यावर अर्ज भरता येतो. मिळणारा क्रमांक १४ आकडी असतो आणि नोंदणीचा क्रमांक २ ने सुरू होतो.

याच नियमावलीतली एक तरतूद फार कमी लोकांना ठाऊक असते. अर्जावर सात दिवसांत काहीच निर्णय झाला नाही, तपासणीची नोटीसही आली नाही, तर छोटा उत्पादक व्यवसाय सुरू करू शकतो. अधिकाऱ्याच्या ढिलाईचा भुर्दंड अर्जदाराला नको, असा हा विचार. सरकारी नियमांत असे क्वचितच सापडते.

शेतकरी यात येतो का? स्वतःच्या झाडाची ताजी कोकमे किंवा फणस विकणाऱ्या शेतकऱ्याला हा कायदा लागू नाही. पण त्याच कोकमाची साल रसात भिजवून वाळवली, तिची आमसुले झाली, की ती प्रक्रिया ठरते.

खरी अडचण लेबलवर

क्रमांक मिळाला तरी घोळ होतो तो लेबलच्या मजकुरात. ‘कोकम सरबत’ लिहिले तर ते खाद्यपदार्थ. ‘पित्तावर रामबाण’ लिहिले की आजार बरा करण्याचा दावा झाला, आणि २०१८ च्या जाहिरात व दावे नियमांनुसार खाद्यपदार्थावर तसे लिहिता येत नाही. औषध म्हणूनच विकायचे तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० नुसार उत्पादनाचा वेगळा परवाना लागतो आणि तो घराच्या ओटीवर मिळत नाही. आजी पिढ्यान्‌पिढ्या पित्तावर कोकम देत आली, हे खरेच. ते घरात सांगावे, बाटलीवर नको. फिटनेस पावडरवाल्या बड्या कंपन्यांनाही हाच नियम आहे. त्यांच्याकडे पळवाट शोधायला वकील असतात, बचतगटाकडे नसतात.

दुसरी अडचण दलालांची. मोबाइलवर ‘फूड लायसन्स’ शोधले की सरकारी वाटाव्यात अशा खासगी साइट वर येतात आणि शंभर रुपयांच्या कामाचे हजारो रुपये मागतात. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ नसेल तर एक रुपयाही भरू नये.

दलाल फोफावतात कारण कार्यालय दूर आहे. रायगडचे अन्न व औषध प्रशासन पेणला बसते, पोलादपूरहून जवळपास शंभर किलोमीटरवर. अर्ज ऑनलाइन आहे हे उत्तर पुरेसे नाही. फॉर्ममधली ‘व्यवसायाचा प्रकार’ ही यादी पाहूनच निम्मे लोक मागे फिरतात. बोगद्यासाठी सरकारने डोंगर फोडला. घाटातल्या विक्रेत्यांसाठी अन्न सुरक्षा अधिकारी वर्षातून एक दिवस पोलादपूर पंचायत समितीत लॅपटॉप घेऊन बसवणे त्या मानाने काहीच नाही. कोकमे उतरतात एप्रिल-मेमध्ये. शिबिर मार्चमध्ये झाले, तर हंगामाच्या पहिल्या बाटलीवरच क्रमांक छापता येईल.