तिसऱ्या दिवशी कोण विचारणार?

"मग आता मलेशियालाच का कायमची?" परवा मामाने फोनवर विचारलं. त्याआधी महिनाभर आत्या विचारत होती, "ते थायलंड काय वाईट होतं गं?" आणि दोन-तीन ब्लॉगर मित्रमैत्रिणींनी पत्रातून विचारलंय, की घरून काम करायची मुभा असेल तर आशियातलं कोणतं शहर निवडावं. प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन कंटाळले, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकते.

नवीन वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, कंपनी लंडनची. २०२० साली सगळ्यांना घरी पाठवलं ते आम्ही घरीच राहिलो. २०२४ मध्ये साहेबांनी सांगून टाकलं, लंडनच्या वेळेला हजर राहा, बाकी राहा कुठेही. लग्न केलेलं नाही, घराचा हप्ता नाही. सोलापुरात आई, तीही हिंडती-फिरती. म्हटलं, आत्ता नाही तर कधी?

मग मी तेच केलं जे आमच्या क्षेत्रातला कोणीही करेल. एक्सेलमध्ये तक्ता केला. भाडं, इंटरनेट, हवा, घड्याळ, व्हिसा, शाकाहारी जेवण, आणि रात्री एकटीने घरी परतता येईल का. सात रकाने, प्रत्येकाला दहापैकी गुण.

भारतीय पासपोर्टवाल्यांचा अर्धा नकाशा व्हिसाच्या रकान्यातच पुसला जातो. जपानने मार्च २०२४ मध्ये अशा कामासाठी सहा महिन्यांचा व्हिसा काढला. वर्षाला एक कोटी येन उत्पन्न हवं, आणि ते असलं तरी पात्र देशांच्या यादीत भारत नव्हता. बालीसाठी वर्षाला ६०,००० डॉलर उत्पन्नाची अट. व्हिएतनामने ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांचा ई-व्हिसा दिला, पण तो पाहुण्यांसाठी. थायलंडने मात्र जुलै २०२४ मध्ये पाच वर्षांचा नवा व्हिसा आणला. एका वेळी १८० दिवस राहता येतं, खात्यात पाच लाख बात, म्हणजे तेव्हाचे साधारण बारा लाख रुपये, दाखवावे लागतात. माझी एफडी कामाला आली.

घड्याळही जमत होतं. लंडनचे सकाळचे नऊ म्हणजे थायलंडात उन्हाळ्यात दुपारचे तीन, हिवाळ्यात चार. सगळी सकाळ आपली! बेरीज केली आणि चियांग माय पहिलं आलं. सप्टेंबर २०२४ मध्ये मी तिथे पोचले.

शहर खरंच सुंदर आहे. तेराव्या शतकातलं जुनं गाव, भोवती चौकोनी खंदक, पश्चिमेला डोई सुथेपचा डोंगर. जेवणाचीही सोय होती. पिवळ्या झेंड्यावर 'जे' लिहिलेल्या दुकानात मांस-मासळीच काय, कांदा-लसूणही नसतो. (आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे तिथे रोजच चातुर्मास!") मी सातव्या मजल्यावर छोटा फ्लॅट घेतला. खाली पोहण्याचा तलाव, वर गच्चीवर बाग, दाराला किल्लीऐवजी कार्ड. तक्त्यात या सगळ्याला गुण होते.

ऑक्टोबरात पिंग नदीला मोठा पूर आला. आमचा भाग वाचला. पाणी ओसरलं, मागे डास राहिले, आणि मला डेंग्यू झाला.

तीन दिवस अंथरुणात होते. ताप एकशे तीन, डोळ्यांच्या मागे दुखत होतं, स्वयंपाकघरापर्यंत जायचं तर भिंत धरून. आता गंमत बघा. लंडनमध्ये, नऊ-दहा हजार किलोमीटरवर, माझ्या नावापुढचा हिरवा ठिपका लागला नाही हे अर्ध्या तासात कळलं. 'लवकर बरी हो' असे सहा संदेश आले. पण ज्या भिंतीला धरून मी चालत होते तिच्या पलीकडे राहणाऱ्याला काही कळलं नाही. कळणार कसं? मलाच तो कोण आहे हे ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी मीच टॅक्सी बोलावून दवाखान्यात गेले. प्लेटलेट्स उतरलेल्या, पण निभावलं.

आईला हे बरी झाल्यावर सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "तीन दिवस तुझं दार कोणी वाजवलं नाही?"

हा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता.

चियांग मायला मी दोष देत नाहीये. माणसं प्रेमळ आहेत. मी थाई भाषेचे पाच सूर शिकायचा कंटाळा केला, रोज वेगळ्या कॅफेत जाऊन बसले, लिफ्टमध्ये फोनकडे बघत राहिले. कोणी विचारावं असं मी काही केलंच नव्हतं. मार्चमध्ये शेतं आणि जंगलं जळायला लागली, धुराने डोई सुथेप दिसेनासा झाला, तेव्हा मी सामान बांधलं. आत्याला मी "धुरामुळे" असं कारण सांगितलं होतं. अर्धं खरं होतं.

एप्रिल २०२५ मध्ये पेनांगला आले. तक्त्यात ते चौथं होतं. घड्याळ आणखी तासाने पुढे, म्हणजे हिवाळ्यात काम संपायला रात्रीचा एक. उकाडा बारमाही. मलेशियाचा घरून काम करणाऱ्यांसाठीचा परवाना २०२२ पासून आहे. आमच्या क्षेत्राला वर्षाला २४,००० डॉलरची अट, मुदत तीन ते बारा महिने, पुढे आणखी बारा महिने वाढवता येते. ते जमलं. पण या वेळी घर बघताना मी इंटरनेटचा वेग नंतर विचारला. आधी जिन्याखाली काय आहे ते बघितलं.

जॉर्जटाउनच्या जुन्या भागात खाली दुकान आणि वर घर अशा चाळीसारख्या रांगा आहेत. मी लिटल इंडियाजवळ अशाच एका घराचा वरचा मजला घेतला. खाली कोपीतियाम, म्हणजे आपल्या इराण्याचा चिनी भाऊ. रोज सकाळी आठला तिथेच, त्याच टेबलावर, एक 'कोपी ओ', बिनदुधाची. मुद्दाम. इथे इंग्रजी चालतं, त्यामुळे भाषेची सबब नव्हती. जूनमध्ये कंबर धरली आणि दोन दिवस उतरले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. मालकांचा नातू उभा होता, हातात दोऱ्याने बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत गरम कोपी. "आजोबा विचारतायत, गावाला गेलीस का?"

मी दार लावून घेतलं आणि चक्क रडले.

माझं म्हणणं एवढंच आहे. ऑफिस होतं तेव्हा हे विचारण्याचं काम ऑफिस करायचं. चहावाला, वॉचमन, बसमधली शेजारीण, डब्यात काय आणलंस म्हणणारी टेबलावरची मंडळी. घरून काम सुरू झालं तेव्हा प्रवास वाचला म्हणून आपण खूश झालो, पण त्याबरोबर ही माणसंही गेली. ती शहरानेच परत द्यावी लागतात. भाडं, हवा, व्हिसा हे सगळं बघायलाच हवं, पण त्याने यादी फक्त लहान होते. निवड करायची असेल तर एक महिना राहून बघा. एकाच ठिकाणी, एकाच वेळी नाश्ता करा. महिन्याअखेर तुमच्या न येण्याची दखल कोणी घेत नसेल, तर ते शहर सुट्टीपुरतं ठेवा.

बँकॉकमधल्या माझ्या एका मैत्रिणीला हे अजिबात पटत नाही. ती म्हणते, "कोणी विचारू नये म्हणून तर गाव सोडलं!" तिचंही खोटं नाही. आपल्याकडे 'बरी आहेस ना' च्या पाठोपाठ 'लग्नाचं काय' येतंच. पण पंचविशीत हवा असणारा निवांतपणा पंचेचाळिशीत, तापात, तसाच हवाहवासा वाटेल असं नाही.

दिवाळीनंतर आई तीस दिवसांसाठी आली. डिसेंबर २०२३ पासून आपल्याला तेवढ्या मुक्कामासाठी मलेशियाचा व्हिसा लागत नाही. माझा बेत मोठा होता. तिला इथली सवय लावायची आणि मग वरचेवर आणायचं. आईचं बालपण सोलापुरात विणकरांच्या वस्तीत गेलं, त्यामुळे तेलुगू तिला येतं. इथली फूलवाली तमिळ. पण 'दोन'ला दोघीही 'रेंडु'च म्हणतात! तेवढ्या एका शब्दावर आईने रोज दोन गजरे घेतले, एक क्वीन स्ट्रीटच्या मारिअम्मनला, एक घरातल्या देवाला. एक दिवस ती आली नाही तर फूलवालीने मला थांबवून विचारलं, "अम्मा एंगे?" अम्मा कुठाय?

मला वाटलं, जिंकले. त्या रात्री आईला म्हटलं, "बघ, इथेही तुला विचारणारं माणूस आहे. राहत जा ना माझ्याकडे."

आई गजरा ओल्या फडक्यात गुंडाळत होती. म्हणाली, "एक आहे. सोलापुरात सकाळी सातपर्यंत माझं दार उघडलं नाही तर चार जणी येतात. चाळीस वर्षं लागली त्याला. ते सोडून मी इथे परत एकपासून मोजू?"

माझाच रकाना, आणि त्यात आईने मला नापास केलं. तिला सोलापुरातून हलवायचा विषय त्या दिवसापासून बंद आहे. त्या चौघींचे नंबर मात्र आता माझ्या फोनमध्ये आहेत.

असो. तर मामा, कायमची वगैरे काही नाही, परवाना आहे तोवर इथे. पुढचं शहर कुठलंही असो, आधी जिन्याखाली काय आहे ते बघेन. आणि मंडळी, तुम्ही जिथे राहता तिथे तुमचं दार कितव्या दिवशी वाजेल? खाली जरूर लिहा.