मार्च महिन्याची वजाबाकी

फुटबॉलचा हंगाम फेब्रुवारीत संपतो आणि तेथून पुढे शौकिनाचा खरा अभ्यास सुरू होतो, असे सांगितले तर पुष्कळांना ते पटत नाही. मैदान बर्फाखाली झाकलेले आहे, खेळाडू आपापल्या घरी गेले आहेत, आणि हा गृहस्थ कागद-पेन्सिल घेऊन बेरजा-वजाबाक्या करीत बसला आहे! कशाच्या? तर दुसऱ्याच्या पगाराच्या! स्वतःच्या पगारपत्रकाकडे ज्याने कधी धड पाहिले नाही, तो सातासमुद्रापलीकडच्या एका आडदांड माणसाला यंदा किती डॉलर परवडतील याचा घोर लावून घेतो, हे पाहून आमच्या घरी हसू होते. होवो. पण या हिशेबात एक मोठा पेच दडलेला आहे, आणि तो केवळ खेळापुरता नाही. म्हणून दिवाळीच्या या अंकात तोच मांडतो.

प्रथम एक खुलासा. हा फुटबॉल म्हणजे कोलकात्याचा किंवा गोव्याचा, पायांनी खेळायचा नव्हे. लांबट चेंडू काखेत मारून, समोरच्याला धडका देत धावायचा हा अमेरिकन खेळ. त्याची गोडी मला माझ्या भाच्याने लावली. तो नोकरीनिमित्त मिलवॉकीला असतो आणि तिकडच्या रिवाजाप्रमाणे ग्रीन बे पॅकर्स या संघाचा भक्त झाला आहे. एकट्याने भक्ती करणे त्याला जड गेले असावे, म्हणून त्याने मामालाही ओढले. आता रविवारी रात्री साडेदहा-साडेअकराला सामना सुरू होतो आणि सोमवारी पहिल्या तासाला विद्यार्थी माझ्या डोळ्यांकडे संशयाने पाहतात.

ग्रीन बे हे गाव लहान. २०२० च्या शिरगणतीप्रमाणे वस्ती सुमारे १ लाख ७ हजार. मांस डबाबंद करणाऱ्या एका कंपनीच्या मदतीवर १९१९ साली तेथे हा संघ उभा राहिला, म्हणून नाव पॅकर्स. १९२३ पासून त्याची मालकी कोणा एका कुबेराकडे नाही, भागधारकांकडे आहे. आज त्यांची संख्या पाच लाखांच्या वर गेली आहे. २०२१ च्या शेवटी नवे भाग विकायला काढले तेव्हा भाच्याने ३०० डॉलर मोजून एक घेतला. या भागाला लाभांश नाही, त्याची किंमत वाढत नाही, आणि तो बाजारात नेऊन विकताही येत नाही. हे ऐकून आमच्या सौ.नी फोनवरच विचारले, ‘‘अरे, मग घेतलेस तरी काय?’’ भाचा म्हणाला, ‘‘मामी, गणपतीची वर्गणी समज.’’ यापुढे तिच्याकडे प्रश्न उरला नाही.

आता असे हे लाखभर वस्तीचे गाव न्यूयॉर्क, शिकागो, डॅलस अशा महानगरांपुढे उभे राहते कसे? दोन गोष्टींच्या बळावर. पहिली अशी की, सामने दूरचित्रवाणीवर दाखवण्याचे राष्ट्रीय पातळीवरचे उत्पन्न सगळ्या संघांत सारखे वाटले जाते. १९६१ साली अमेरिकेच्या संसदेने या एकत्रित विक्रीला मुभा देणारा कायदा केला. आज बत्तीस संघ आहेत आणि न्यूयॉर्कच्या संघाला या रकमेत जेवढा वाटा, तेवढाच ग्रीन बेला. दुसरी गोष्ट म्हणजे वेतनाची मर्यादा, म्हणजेच सॅलरी कॅप. एका संघाने एका वर्षात खेळाडूंवर जास्तीत जास्त किती खर्च हिशेबात दाखवायचा याचा आकडा सगळ्यांना एकच असतो. १९९४ साली तो ३ कोटी ४६ लाख डॉलर होता. २०२५ साली २७ कोटी ९२ लाख झाला. मध्ये करोनाची साथ आली, प्रेक्षागृहे ओस पडली, तेव्हा २०२१ साली तो १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाखांवर घसरला, आणि कितीतरी भले खेळाडू त्या एका घसरणीत घरी बसले. आयपीएलच्या लिलावात संघांच्या हाती ठराविक थैली देतात, २०२५ च्या हंगामासाठी ती १२० कोटी रुपयांची होती, तीही याच जातीची.

ही मर्यादा आकाशातून पडली नाही. १९९३ पूर्वी तिकडचा खेळाडू करार संपल्यावरही मोकळेपणी दुसऱ्या संघात जाऊ शकत नसे. खेळाडूंनी न्यायालयात झगडून ते स्वातंत्र्य मिळवले आणि त्याच्या बदल्यात मालकांनी ही मर्यादा पदरात पाडून घेतली. स्वातंत्र्य मिळताच रेजी व्हाइट नावाचा त्या काळचा सर्वांत नावाजलेला बचावपटू कोठे गेला? महानगरे सोडून ग्रीन बेला! चार वर्षांना १ कोटी ७० लाख डॉलर. त्याच्या येण्यानंतर चौथ्या हंगामात, जानेवारी १९९७ मध्ये, गावाने सुपर बोल जिंकला. तेव्हा मर्यादेला आणि स्वातंत्र्याला नुसती नावे ठेवून चालत नाही. त्यांनीच लहान गावाला मोठ्यांच्या पंक्तीला बसवले.

पण पंक्तीला बसले की पानाचा हिशेब आला. तो कसा चालतो ते घरगुती भाषेत सांगतो. समजा, एका खेळाडूशी चार वर्षांचा करार झाला आणि सही करतानाच त्याच्या हातावर २ कोटी डॉलर ठेवले. पैसे आज गेले, पण वहीत ते चार वर्षांत वाटून लिहिता येतात. दर वर्षी ५० लाख. फार तर पाच वर्षांपर्यंत असे वाटता येते. यंदाच्या खर्चाला जागा झाली म्हणून सगळे खूष. मात्र दोन वर्षांनी त्याला काढून टाकले किंवा दुसऱ्या संघाला दिले, तर वहीत लिहायचे राहिलेले १ कोटी एकदम अंगावर येतात. माणूस गेला, खेळ गेला, रक्कम मात्र वहीत राहिली. तिकडे याला डेड मनी म्हणतात. मुलीच्या लग्नाचे कर्ज फेडत असलेल्या बापाला हा व्यवहार वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

ग्रीन बेने याचा मोठा चटका २०२३ साली घेतला. ॲरन रॉजर्स हा त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा आणि साऱ्या डावाचा सूत्रधार. २००५ साली आलेला, २००८ पासून सूत्रे हाती घेतलेला, फेब्रुवारी २०११ मध्ये सुपर बोल जिंकून देणारा. एप्रिल २०२३ मध्ये तो न्यूयॉर्क जेट्सकडे गेला. जाताना त्याच्या नावचे ४ कोटी डॉलर ग्रीन बेच्या वहीत राहिले. त्या वर्षाची मर्यादा होती २२ कोटी ४८ लाख. म्हणजे शंभरातले जवळजवळ अठरा डॉलर अशा माणसावर, जो खेळत होता दुसऱ्याच गावी. (तेथेही दैव असे की, पहिल्याच सामन्याच्या चौथ्या चालीत त्याच्या घोट्यामागची शीर तुटली.)

उरलेल्या ब्याऐंशी डॉलरांत संसार करायचा तर स्वस्त माणसे हवीत, आणि स्वस्त म्हणजे तरुण. नव्याने निवडलेल्या खेळाडूंचे पगार पहिली चार वर्षे ठरीव दराने असतात. म्हणून पोरसवदा संघ उभा राहिला. त्या पोरांनी जानेवारी २०२४ मध्ये बलाढ्य डॅलसला त्यांच्याच मैदानावर ४८–३२ असे लोळवले. त्या रात्रीचा नायक होता ॲरन जोन्स.

या जोन्सविषयी थोडे सांगायला हवे. २०१७ साली पाचव्या फेरीत, म्हणजे फारशी आशा न ठेवता, निवडलेला हा मुलगा. काम चेंडू घेऊन धावण्याचे. एप्रिल २०२१ मध्ये त्याचे वडील वारले. त्यांच्या रक्षेचा कण असलेले पदक गळ्यातल्या साखळीत घालून तो खेळू लागला. त्या सप्टेंबरात डेट्रॉइटविरुद्धच्या सामन्यात त्याने चार वेळा चेंडू गोलरेषेपार नेला, आणि त्या धांदलीत पदक गवतात पडले. सामना संपल्यावर मध्यरात्र उलटून गेली तरी संघाचा एक शुश्रूषक मैदानात ते शोधत राहिला, आणि ते सापडलेही. त्या रात्रीपासून जोन्स गावाला आपला मुलगा वाटू लागला. २०२३ साली संघाच्या अडचणीत त्याने आपला पगार ५० लाख डॉलरांनी कमी करून घेतला. डॅलसच्या त्या सामन्यात त्याने तीन वेळा गोलरेषा ओलांडली.

दोनच महिन्यांनी, मार्च २०२४ मध्ये, संघाने त्याला मोकळे केले. पुन्हा कपात मागितली आणि ती त्याने मानली नाही, असे वृत्तपत्रांतून आले. वय एकोणतीस. धावणाऱ्याचे गुडघे तिशीला थकतात असा तिकडचा ठोकताळा आहे. त्याच दिवशी सव्वीस वर्षांच्या जोश जेकब्जशी ४ कोटी ८० लाखांपर्यंतचा चार वर्षांचा करार ठरला. जोन्स शेजारच्या राज्यात, मिनेसोटा वायकिंग्जकडे, म्हणजे ग्रीन बेच्या हाडवैऱ्यांकडे, एका वर्षासाठी ७० लाखांवर गेला.

वहीच्या दृष्टीने पाहाल तर हा व्यवहार चोख होता. जेकब्जने पहिल्याच हंगामात तेराशेहून अधिक यार्ड धावून पैसे फेडले. पण ‘थकलेल्या’ जोन्सनेही त्याच हंगामात आयुष्यातली सर्वोत्तम, ११३८ यार्डांची धाव नोंदवली, आणि मिनेसोटाने ग्रीन बेला दोन्ही सामन्यांत हरवले!

माझा सवाल जोन्सला ठेवायला हवे होते की नाही, हा नाही. त्यावर भाचा आणि मी तासन्‌तास भांडलो आहोत. माझा सवाल भक्तांना आहे. खेळाडू दुसरीकडे गेला की ‘पैशामागे गेला, निष्ठा नाही’ असे जे चटकन म्हटले जाते, ते कोणत्या न्यायाने? या खेळातले बहुतेक करार पुरते हमीचे नसतात. करारावर चार वर्षे लिहिलेली असली, तरी संघ त्याला दुसऱ्या वर्षी दारातून बाहेर काढू शकतो. खेळाडूला मात्र चार वर्षे बांधून राहावे लागते. निष्ठा एका बाजूनेच मागायची, आणि ती न मिळाली तर रुसायचे, हा सासुरवासाचा न्याय झाला.

वाचक म्हणतील, अहो, २०२५ साली अगदी नवख्या खेळाडूचाही किमान पगार ८ लाख ४० हजार डॉलर होता. रुपयांत सात कोटींच्या घरात! त्यांची कीव आपण करायची? बरोबर आहे, कीव करू नये. पण तेवढा पगारही टिकतो किती दिवस ते पाहावे. खेळाडूंच्या संघटनेच्या सांगण्याप्रमाणे या खेळातले सरासरी आयुष्य तीन-साडेतीन वर्षांचे. उन्हाळ्यात प्रत्येक संघ नव्वद माणसे गोळा करतो. ऑगस्ट संपता संपता त्यांतली त्रेपन्न राहतात. बत्तीस संघांचा गुणाकार करा. एका आठवड्यात जवळजवळ बाराशे तरुणांच्या हाती नारळ! काहींना सरावाच्या तुकडीत परत घेतात, बाकीचे गाडी पकडून गावी जातात. त्यांच्यासाठी वृत्तपत्रात एक ओळ असते. सुपर बोलच्या नायकावर मर्यादेची झळ फारशी येत नाही. २०२४ च्या जुलैत ग्रीन बेने रॉजर्सच्या जागी आलेल्या जॉर्डन लव्हशी चार वर्षांना २२ कोटी डॉलरांचा करार केला. त्या करारासाठी वहीत जागा करायची असते ती मधल्या माणसांच्या पगारातून. ना नवखा म्हणून स्वस्त, ना तारा म्हणून अटळ, असा सहा-सात वर्षे इमानाने राबलेला माणूस या मर्यादेची किंमत मोजतो. लहान गाव मोठ्या शहराशी बरोबरीने खेळते त्याचे बिल त्याच्या नावावर निघते.

हे मला इतके लागते, त्याला माझा धंदा कारण असावा. आमच्या महाविद्यालयांतून जून महिन्यात असाच कागद निघतो. कार्यभाराचा तक्ता. विद्यार्थी किती, तास किती, मंजूर जागा किती. जागा भरलेल्या नसतात, म्हणून तासिका तत्त्वावर अध्यापक घेतात. नेट-सेट झालेले, कोणी पीएच.डी. झालेले. मार्च-एप्रिलमध्ये त्यांचे तास संपतात, पगारही संपतो, आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत. मराठीच्या वर्गात यंदा दहा मुले कमी आली तर ज्ञानेश्वरी उत्तम शिकवणारा एखादा माणूस तक्त्यातून गळतो. तक्ता करणारा दुष्ट नसतो, त्याची बेरीज बरोबर असते. पण निरोप द्यायलाही कोणी थांबत नाही, कारण निरोप द्यायला तो ‘कायम’ कोठे होता?

म्हणून मर्यादा उठवावी असे मी म्हणत नाही. ती उठली तर ग्रीन बेसारखी गावे चार वर्षांत उठतील, आणि रेजी व्हाइटसारखा माणूस तिकडे फिरकणारही नाही. हिशेब करावाच लागेल, आणि शौकिनाने तो करावाही. हिशेब कळला की निदान ‘त्याला का काढले’ म्हणून व्यवस्थापकाला शिव्या देणे थांबते. पण तोच हिशेब करताना ‘तो का गेला’ म्हणून खेळाडूला शिव्या देणेही थांबले पाहिजे. व्यवस्थापकाला पुढच्या वर्षाचाच विचार करावा लागतो, त्यासाठीच त्याला पगार मिळतो. झालेल्या वर्षांची आठवण ठेवणे हे त्याच्या वहीत बसत नाही. ते काम उरते आपल्यासारख्यांना. आपण पगार देत नाही आणि घेतही नाही, आपल्याला कोणती मर्यादा आड येते?

मी आणि भाच्याने यावर एक साधा तोडगा काढला आहे. दर मार्चमध्ये हिशेबाचा कागद पाठवताना तो आता खाली, त्या वर्षी गेलेल्या प्रत्येकाचे नाव लिहितो आणि पुढे, किती हंगाम खेळला. २०२४ च्या कागदावर जोन्सपुढे सात लिहिले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये ग्रीन बेने मायका पार्सन्स हा बिनीचा बचावपटू मिळवला तेव्हा भाचा हर्षाने वेडा झाला. पण त्या सौद्यात केनी क्लार्क डॅलसला गेला होता, म्हणून मार्चची वाट न पाहता त्याने नाव लिहून पाठवले. पुढे आकडा होता नऊ. सौ.नी तो कागद पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘एवढ्या सगळ्या आकड्यांत मला कळला तो हा एकच.’’