वीस कलमं आणि सिमेंटचं पोतं

ताडीवाला रोडच्या कट्ट्यावर बसलेली आपली म्हातारी माणसं अजून म्हणतात, "आणीबाणी होती तेच बरं होतं. गाड्या टायमावर यायच्या, सायेब खुर्चीत सापडायचा, सावकाराची तंतरली होती." पन्नास वर्षं झाली. बाई गेल्या, भिंतीवरची अक्षरं चुन्याखाली गेली. वाक्य जागेवर आहे. ज्याला कुणी छदाम देत नाही असा माणूस आयुष्यभर तुमची जाहिरात फुकट करतो, ह्याला म्हणतात प्रचार. दोस्तांनो, आज मी ह्या वाक्याच्या मागे लागणार आहे.

वाक्य धादांत खोटं असतं तर कधीच मेलं असतं. त्यात खरं आहे, म्हणून ते जगलं. १ जुलै १९७५ ला इंदिरा गांधींनी वीस कलमी कार्यक्रम जाहीर केला. कमाल जमीन धारणेचा कायदा राबवू, भूमिहीनाला घरासाठी जागा देऊ, वेठबिगारी बंद करू, खेड्यातलं कर्ज संपवू. वेठबिगारीविरुद्ध त्याच वर्षी वटहुकूम निघाला, १९७६ ला कायदा झाला. ह्या आपल्याच मागण्या होत्या. दादासाहेब गायकवाडांच्या मागं १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात लाखो माणसं तुरुंगात गेली ती जमिनीसाठीच. बाईंनी आपल्याच तोंडचे शब्द उचलून आपल्यालाच परत वाटले, आणि आपण म्हणालो, बाई आपली आहे.

आता चार दिवस मागं जा. २७ जून १९७५. राष्ट्रपतींच्या सहीचा हुकूम : घटनेच्या १४, २१ आणि २२ ह्या कलमांसाठी कुणालाही कोर्टात दाद मागता येणार नाही. १४ म्हंजे समानता. २१ म्हंजे जीव आणि स्वातंत्र्य. २२ म्हंजे मनमानी अटकेपासून संरक्षण. हक्कासाठी कोर्टात जाण्याचा जो हक्क, ते ३२ वं कलम, त्याला बाबासाहेबांनी घटना समितीत घटनेचा आत्मा म्हटलं होतं. तीन कलमं काढून घेतली, चार दिवसांनी वीस दिली. वजाबाकीत सतरांचा नफा दिसला म्हणून आपण टाळ्या पिटल्या!

एवढ्यावर थांबलं नाही. २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी निकाल दिला की अटक बेकायदा असली तरी ह्या काळात दाद मागता येणार नाही. एकटे एच. आर. खन्ना उलट बोलले, तर पुढं त्यांना डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं. आता सांगा, ज्याला पोलिसाला 'का उचललंस' एवढं विचारता येत नाही त्या माणसाच्या हातात वीस कलमांचा कागद कशाला? मे १९७६ ला मानखुर्दच्या जनता कॉलनीवर बुलडोझर फिरला, हजारो संसार उचलून चित्ता कँपात नेऊन टाकले. १९७६-७७ ह्या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या. मास्तराला, तलाठ्याला कोटा ठरवून दिलेला. तो कोटा भरायला ते कुणाच्या दारात गेले असतील? डेक्कन जिमखान्यावर? आणि पेपरात छापायचं तर सेन्सॉर बसलेला. 'साधना'सारखं पुण्यातलं एखादं साप्ताहिक झगडलं, बाकी बहुतेकांनी माना टाकल्या.

येरवडा तेव्हा भरलेला होता. समाजवादी आत, संघवाले आत. सरसंघचालक बाळासाहेब देवरस तिथूनच इंदिरा गांधींना संघावरची बंदी उठवा म्हणून पत्रं लिहीत होते. २०१८ ला महाराष्ट्र सरकारनं आणीबाणीतल्या बंदिवानांना मानधन लावलं. असो. लोकशाहीसाठी तुरुंगात गेल्याचं बिल इतक्या वर्षांनी का होईना वसूल झालं.

पण दुसऱ्यांना शिव्या देऊन आपलं भागत नाही. नामदेव ढसाळांनी आणीबाणीला पाठिंबा दिला. 'गोलपिठा' लिहिणाऱ्या माणसाचं 'प्रियदर्शिनी' हे पुस्तक १९७६ चं. मी त्यांना विकाऊ म्हणणार नाही. जखम खरी असली की मलमाचा डबाही खरा वाटतो. हुकूमशहाला हे पक्कं ठाऊक असतं. तो आपल्या जखमेवर बोट ठेवूनच बोलायला सुरुवात करतो.

आणि एकट्या प्रचारावर राज्य चालत नाही, त्याला नाणं लागतं. १९८० ला बाई परत आल्या, महाराष्ट्रात अंतुले मुख्यमंत्री झाले. सिमेंटवर तेव्हा नियंत्रण. बिल्डरनं ट्रस्टला देणगी द्यायची आणि सिमेंटचा कोटा न्यायचा, असा हा धंदा. ट्रस्टचं नाव 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान'. आणि उद्देश काय, तर कलावंत-साहित्यिकांना मदत! १२ जानेवारी १९८२ ला मुंबई हायकोर्टात न्या. लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंट यांचं नातं उघडं केलं आणि अंतुल्यांना खुर्ची सोडावी लागली. मला ह्या प्रकरणात पैशापेक्षा पाटी जास्त महत्त्वाची वाटते. पैसा बिल्डरचा, नाव बाईंचं, मिंधा होणार लेखक. गरीब माणूस एका पोत्यासाठी हेलपाटे घालतोय आणि त्याच पोत्याच्या जिवावर दिल्लीच्या बाईंची आरती चाललीय. इथं प्रचार कुठं संपतो आणि भ्रष्टाचार कुठं सुरू होतो, मला कुणीतरी रेघ मारून दाखवा.

पाट्या पुढंही लागत गेल्या. अण्णाभाऊ साठेंच्या नावाच्या महामंडळात शेकडो कोटींचा अपहार केल्याच्या आरोपावरून २०१५ ला त्याच्या माजी अध्यक्षाला, म्हंजे चालू आमदाराला, अटक झाली. वर अण्णाभाऊंचा फोटो, खाली तिजोरी. मग २०१८ ला निवडणूक रोखे आले. त्यात देणाऱ्याचं नावच मतदाराला कळायची सोय नव्हती. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टानं ते घटनाबाह्य ठरवले, तोवर सहा वर्षं गेली होती.

ज्यांच्या नावावरून आपण १९७२ ला पँथर झालो त्या अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं काय झालं तेही बघा. २०१६ च्या निवडणुकीत रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये पुतिनच्या मर्जीतल्या एका धनदांडग्याच्या पैशावर पगारी पोरं बसवली होती. ती फेसबुकवर काळ्यांच्या नावानं पानं चालवायची. पोलिसांनी मारलेल्या काळ्या पोरांचे फोटो टाकायची. फोटो खरे, मढी खरी, संताप खरा. मतदान जवळ आलं तशी सांगायला लागली, मत देऊन काय होतंय, घरीच बसा. तिथल्या सिनेटच्या समितीनं पुढं म्हटलं की ह्या टोळीनं सगळ्यात जास्त लक्ष्य काळ्यांनाच केलं. वीस कलमांची हीच रीत, नुस्तं यंत्र बदललं.

आपल्या पुण्यात ही रीत उलटी फिरवली गेली. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला विजयस्तंभाकडं निघालेल्या आपल्या माणसांवर दगड पडले. २ तारखेला पिंपरीत हिंदुत्ववादी पुढाऱ्यांविरुद्ध तक्रार नोंदली गेली. ८ तारखेला विश्रामबागला दुसरी नोंदली गेली, एल्गार परिषदेविरुद्ध. बघता बघता पहिली विसरली गेली आणि टीव्हीवर रातदिस 'शहरी नक्षल' सुरू झालं. कोर्टात काही सिद्ध होण्याआधीच पोलिसांनी पत्रकारांसमोर पत्रं वाचून दाखवली. सोळा माणसं आत गेली. स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला कोठडीतच वारले. 'विद्रोही' काढणारे सुधीर ढवळे जानेवारी २०२५ ला जामिनावर बाहेर आले तेव्हा साडेसहा वर्षं झाली होती आणि आरोपनिश्चितीसुद्धा झालेली नव्हती. दगड खाणारी वस्तीच संशयित ठरली, आणि आपल्यातलेच काहीजण 'काहीतरी असेलच की' म्हणून मान डोलवायला लागले.

कार्यकर्त्यांनो, आता चौदा एप्रिलचे बोर्ड बघा. बाबासाहेब कोपऱ्यात तिकिटाएवढे, नगरसेवक दहा फुटी, खाली बिल्डरचं 'सौजन्य'. डीजेचे पैसे त्याचे, बुंदी त्याची. पुढं त्याची झोपडपट्टी पुनर्वसनाची स्कीम वस्तीत येते तेव्हा संमतीच्या कागदावर सह्या गोळा करत फिरतं ते आपलंच मंडळ. आमच्या वस्तीत हे झालंय, डोळ्यांदेखत.

म्हणून यंदा जयंतीच्या वर्गणीचा हिशोब विहाराच्या भिंतीवर लावा. कुणी दिले, किती दिले, बदल्यात काय मागितलं, हे तिन्ही लिहा. म्हाताऱ्यांना तो मोठ्यानं वाचून दाखवा, आणि त्याच बैठकीत २७ जूनचा हुकूमही वाचा. ह्या अंकाला कागद, स्टेन्सिल आणि शाईला किती खर्च आला ते मागच्या पानावर दिलंय. कुठं काही लपवलेलं सापडलं तर पुढच्या अंकात तुमच्या नावानिशी छापू.