योगक्षेम कोणाचा?

भारतीय आयुर्विमा महामंडळाची स्थापना १ सप्टेंबर १९५६ रोजी झाली. या संस्थेने आपले बोधवाक्य गीतेच्या नवव्या अध्यायातून घेतले. जे नाही ते प्राप्त होणे हा योग आणि जे प्राप्त झाले त्याचे रक्षण हा क्षेम. या योगक्षेमाचे आश्वासन गावोगावी, घरोघरी पोहोचविले ते विमा प्रतिनिधीने. मात्र दुसऱ्यांच्या योगक्षेमाची चिंता वाहणाऱ्या या माणसाचा योगक्षेम कोण वाहतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

प्रतिनिधी हा संस्थेचा पगारी नोकर नव्हे. पॉलिसी विकली तर कमिशन, न विकली तर प्रवासखर्चही पदरचा. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये महामंडळाच्या प्रतिनिधींच्या ग्रॅच्युइटीची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाख रुपये करण्यास मान्यता दिली. त्यांचे मुदत विमा संरक्षणही ३ ते १० हजारांवरून २५ हजार ते दीड लाख रुपये केले. तेरा लाखांहून अधिक प्रतिनिधींसाठी हा निर्णय निश्चितच स्वागतार्ह होता. परंतु इतरांना लाखोंचे विमाछत्र मिळवून देणाऱ्यांचे स्वतःचे हे छत्र तोवर दहा हजारांपलीकडे जात नव्हते, हे वास्तव विचार करावयास लावणारे आहे.

बँका व खासगी वित्तसंस्थांतील सल्लागारांना पगार असतो, पण त्याच्या जोडीला मासिक उद्दिष्टांची टांगती तलवारही असते. महिनाअखेर जवळ आली की ग्राहकाची गरज मागे पडते आणि आकडा पुढे येतो. मग मुदतठेवीसाठी आलेल्या निवृत्त शिक्षकाच्या हाती दीर्घ मुदतीची विमा पॉलिसी पडते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईत बोलताना अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी बँकांमधून होणाऱ्या चुकीच्या विमाविक्रीवर बोट ठेवले होते. अशा वेळी दोष केवळ विकणाऱ्याच्या माथी मारणे सोपे असते. पण नोकरी टिकविण्याच्या भीतीने दिलेला सल्ला हा सल्ला राहत नाही. कर्मचाऱ्यावरील अवाजवी दडपण आणि ग्राहकाची फसगत ही एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.

या झगमगत्या कार्यालयांत आणखी एक वर्ग वावरतो. सुरक्षारक्षक, सफाई कामगार, शिपाई, माहिती भरणारे तरुण. यांपैकी अनेक जण कंत्राटदाराचे. वर्षानुवर्षे त्याच दारात उभे राहूनही ते दार त्यांचे होत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी प्रत्येक कर्मचाऱ्यास नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले आहे. ठरावीक मुदतीच्या नोकरीत एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्कही दिला आहे. ही तरतूद कागदावरून कामगाराच्या हाती पडते की नाही, हे पाहण्याचे दायित्व शासनाचे आणि कामगार संघटनांचेही आहे. कमिशनवर जगणाऱ्या प्रतिनिधीला तर नोकरदाराचे हे हक्क लाभत नाहीत. त्याच्या वृद्धापकाळाची व्यवस्था विमा कंपन्यांनीच करावयास हवी.

समाजाचेही काही कर्तव्य आहेच. ‘पहिल्या हप्त्यात किती सोडणार?’ हा प्रश्न अनेक सुशिक्षित घरांत सहज विचारला जातो. कमिशनमधील वाटा ग्राहकास देण्यास आणि ग्राहकाने तो स्वीकारण्यास १९३८ च्या विमा कायद्याचे कलम ४१ मनाई करते. कायदा बाजूस ठेवला तरी, श्रमाचा मोबदला घासाघीस करून काढून घेणे हे कोणत्या संस्कारात बसते? प्रतिनिधीच्या ताटातील घास काढून घेणाऱ्या ग्राहकाला पुढे दाव्याच्या वेळी त्याने धावून यावे, ही अपेक्षा करण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.

अर्थव्यवहार विश्वासावर चालतो आणि तो विश्वास माणसे निर्माण करतात. त्या माणसांचा योगक्षेम सुरक्षित असेल, तरच ठेवीदाराचा आणि विमेदाराचा योगक्षेम सुरक्षित राहील.