कोपऱ्यातला माणूस

कबड्डीचा विषय निघाला की मंडळी लगेच चढाईवर येतात. आमच्या सूर्यमाळची पोरंही तशीच. चढाईसाठी भांडणं, आणि कोपऱ्यात कोण? जो उशिरा येईल तो! मला हे अजिबात पटत नाही, आणि पुरावा म्हणून मी गिरीश एर्नाकचं नाव पुढे करतो.

गिरीश कल्याणचा. म्हणजे एका अर्थी आमच्याच जिल्ह्यातला, कारण १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा होईपर्यंत मोखाडा आणि कल्याण दोन्ही ठाण्यातच होते. त्याच्या आठवडाभर आधी प्रो कबड्डी सुरू झाली. गिरीश तिथे पाटण्याकडून खेळला, मग बंगालकडून. २०१७ ला पुणेरी पलटणचा डावा कोपरा त्याने सांभाळला आणि २०१८ ला कर्णधारही झाला.

त्याची खासियत घोट्याची पकड. ऐकायला सोपं आहे, करून बघा! समोरचा पाय टाकतो तो तुम्हाला बाद करायला. त्याच पायावर झेपावायचं, घोटा दोन्ही हातांत घट्ट धरायचा आणि त्याचा गुडघा तोंडावर आला तरी सोडायचा नाही. जरा लवकर गेलात तर तो उडी मारून पसार, जरा उशीर केलात तर तुम्ही बाहेर. मातीत निदान घसरता येतं. मॅटवर बूट रुतून बसतो आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो.

एवढं करून गुण किती? एक. चढाईवाला एका दमात तिघांना शिवून आला की तीन. बचावात तीन किंवा कमी गडी उरले असताना पकड केली तर दोन मिळतात, तेवढीच काय ती दया.

पैशाचं चित्र मात्र बदललंय. २०१८ च्या लिलावात एक कोटीचा पहिला मानकरी ठरला तो इराणचा फजल अत्राचली, चक्क बचावपटू! आणि त्याच वर्षी जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणने उपांत्य फेरीत आपल्याला २७-१८ असं हरवलं. १९९० पासून दर वेळी सुवर्ण आणणारा आपला पुरुष संघ कांस्यपदक घेऊन परतला. गिरीश त्या संघात होता, पण एकटा कोपरा किती पुरणार? अजय ठाकूर, प्रदीप नरवाल, राहुल चौधरी... आपल्याकडे चढाईला नावांची रांग होती. इराणने आपल्याला पकडीत हरवलं, असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाला पटत नसेल तर तो सामना पुन्हा बघा, फक्त या वेळी नजर कोपऱ्यांवर ठेवा. मग भांडू!