रस्त्याच्या पोटातून

रस्त्याच्या कडेला कमरेइतका एक खड्डा, शंभरेक मीटरवर दुसरा, आणि मधला डांबरी रस्ता अगदी जसाच्या तसा! गॅसचा पाइप किंवा फोनची केबल मात्र एका खड्ड्यात शिरून दुसऱ्यातून बाहेर पडते. पूर्वी एवढ्यासाठी अख्खी गल्ली उकरली जायची आणि पहिल्या वळवाच्या पावसात चिखल थेट उंबऱ्यापर्यंत यायचा. त्या मानाने ही आडवी बोअर म्हणजे मोठीच सोय.

अमेरिकेत मार्टिन चेरिंग्टन यांनी 1971 साली कॅलिफोर्नियातील पजारो नदीच्या तळाखालून अशी बोअर मारून गॅसचा पाइप नेला. तिथून ही पद्धत जगभर पसरली. तिची युक्ती साधी आहे. लोखंडी नळ्यांच्या टोकाला तिरप्या तोंडाचे पाते असते. ते फिरवत ढकलले की सरळ जाते. फिरवणे थांबवून नुसते ढकलले की तोंड असेल त्या बाजूला वळते. पात्याच्या मागे छोटा ट्रान्समीटर असतो. वर रस्त्यावरून हातात यंत्र घेऊन चालणारा पोरगा त्यावरूनच टोकाची खोली आणि दिशा ओळखतो. बेंटोनाइट नावाची माती पाण्यात कालवून आत सोडतात. त्या रबडीमुळे भोक ढासळत नाही आणि खोदलेली माती बाहेर येते. टोक पलीकडे निघाले की मोठे पाते लावून भोक रुंद करायचे आणि पाइप मागे ओढून घ्यायचा. झाले काम!

पण गोम अशी, की त्या पोराच्या हातातल्या यंत्राला फक्त स्वतःचेच टोक कळते. वाटेत आपल्या घराचा पीव्हीसीचा नळ किंवा ड्रेनेजची नळी आडवी आली, तर ते काही सांगत नाही.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीत हे काम आले. कामगार हिंदी बोलणारे. समोरच्या अक्का पायरीवरून उठून आल्या आणि म्हणाल्या, “निधान तम्मा, इल्ले नळद पैप ऐति.” पूर्वी तिथे फणसाचे झाड होते आणि नळाला त्याला वळसा घालावा लागला होता. झाड जाऊन वीस वर्षे झाली, वळसा तसाच राहिला. मी मध्ये पडून हिंदीत समजावले. त्यांनी हाताने उकरून पाहिले, तर दोन फुटांवर पाइप! मग बोअर खोलवरून नेली आणि गल्लीचे पाणी वाचले.

नळ फुटला तर निदान पाणी वर येऊन सांगते. ड्रेनेजची नळी छेदून गॅसचा पाइप गेला तर कुणालाच कळत नाही. पुढे कधीतरी ती तुंबते, साफ करणारा यंत्र घालतो आणि गॅसचा पाइप कापला जातो. अमेरिकेत केनोशा गावी 1976 साली हेच झाले. जमिनीखालून भोक पाडून घातलेला गॅसचा पाइप एका घराच्या ड्रेनेजमधून गेला होता. ड्रेनेज साफ करताना तो फुटला, स्फोट झाला आणि दोन जीव गेले.

म्हणून वाचकहो, रस्त्याखालून गॅसची लाइन गेल्यानंतर ड्रेनेज तुंबले, तर यंत्र घालण्याआधी गॅसवाल्यांना कळवा. बोअर चालू असताना अंगणात किंवा चेंबरमध्ये मातकट रबडी दिसली, तर काम तिथेच थांबवायला सांगा. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता सगळ्यांनी बाहेर पडावे आणि मगच फोन करावा.

खोदणाऱ्याने आधी पाइप-केबलवाल्यांना कळवावे यासाठी केंद्र सरकारने 2023 च्या मार्चमध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणले. चांगलेच झाले. पण आपल्या अंगणातले वळण आपल्याशिवाय कोण सांगणार? घरातल्या थोरांना आजच विचारा. एका कागदावर नळ, ड्रेनेज, चेंबर कुठून कुठे जातात ते काढा, भिंतीपासूनची फुटे लिहा, नावे मराठीत आणि कन्नडमध्येही घाला. तो कागद घराच्या उताऱ्याच्या फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल कुठे आहे, हे सूनबाईंनाही सांगून ठेवा.